मूर्ती सरांनी लिहिलेलं पत्र

"मॅडम, आमच्या कॉलेजात ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं मशीन आहे, असं मूर्ती सरांनी लिहिलंय?"

रोहिणी माझ्या टेबलासमोर उभी होती. इंटरव्ह्यू देऊन थेट आली होती. अंगावर आईची फिकट निळी साडी, हातात सर्टिफिकेटांची प्लॅस्टिकची फाईल. बस म्हटलं तरी बसली नाही.

"का गं? काय झालं?"

"पॅनलमधल्या एका सरांनी विचारलं. बोलले, तुझे सर लिहितात की या मशीनवर तुझा हात चांगला बसलाय. तुमच्या कॉलेजात हे मशीन कुठल्या कंपनीचं आहे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी बोलले, सर, आमच्या कॉलेजात ते मशीनच नाही. मी त्याचा फक्त पुस्तकात फोटो पाहिलाय."

ते वाक्य मूर्ती सरांनी लिहिलेलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

तेव्हा मी हिमायतनगरात एका ट्रस्टच्या विद्यार्थी मार्गदर्शन केंद्रात कौन्सेलर होते. चष्म्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. एकीत परदेशी युनिव्हर्सिट्यांची माहितीपुस्तकं, दुसरीत मी, एक कॉम्प्युटर आणि करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं. देशाची दारं उघडली म्हणत होते, आणि हैदराबादेतली निम्मी पोरं त्या दारातून बाहेर पडायच्या तयारीत होती. चौकाचौकांत कन्सल्टंटांच्या पाट्या लागत होत्या. आमचं केंद्र मात्र फुकट होतं, त्यामुळे ज्यांना ते कन्सल्टंट दारात उभं करत नसत ती मुलं आमच्याकडे यायची.

माझं काम वरवर सोपं. कुणाला कुठली स्कॉलरशिप लागू पडते ते शोधायचं, फॉर्म भरून घ्यायचा, वेळेत पाठवायचा. लोक स्कॉलरशिप आणि फेलोशिप एकच समजतात. ढोबळमानाने सांगायचं तर स्कॉलरशिप मार्कांवर मिळते आणि फेलोशिप माणसावर. फेलोशिप देणारे विचारतात, ही व्यक्ती कोण आहे, तिला काय शोधायचंय, आणि तिला ओळखणारे लोक तिच्याबद्दल काय सांगतात. हे तिसरं म्हणजे रेकमेंडेशन लेटर. पोरं त्याला 'रेको' म्हणायची. एका अर्जाला तीन रेको लागत. प्राध्यापकाने ते स्वतः लिहायचं, पाकिटात घालायचं, पाकिटाच्या जोडावर सही करायची. विद्यार्थ्याने ते बघायचं नाही. नियम असा.

आमच्याकडची रीत निराळी. मुलगा सरांकडे गेला की सर म्हणायचे, "तूच लिहून आण, मी सही करतो." काही जण आळसाने म्हणायचे, पण बरेचसे प्रामाणिकपणे घाबरलेले असायचे. जन्मभर फिजिक्स शिकवलं, पण परदेशात पाठवायच्या इंग्रजीत स्तुती कशी करायची हे त्यांना ठाऊक नसायचं. मग मुलगा माझ्याकडे यायचा. आणि मी लिहायचे. इंग्रजी साहित्यात एम.ए. केलेल्या बाईला दुसरं येतं काय? माझ्याकडे एक जाडजूड फाईल होती. तिच्यात गेल्या काही वर्षांतली उत्तम पत्रं होती. त्यातली वाक्यं इकडची तिकडे फिरवून मी नवी पत्रं शिवायचे. जुन्या साड्यांची गोधडी शिवावी तशी. यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट अभिमान होता. आमच्या बोर्डावर परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो वाढत होते, आणि आमचे प्रमुख रहमान साहेब पाहुण्यांना सांगत, "ये सब वैद्यबाई के कलम का कमाल है."

वैद्यबाई म्हणजे मी. बरकतपुऱ्यातच जन्मले, तिथेच वाढले. आजोबा पुण्याहून निजामाच्या नोकरीत आले ते इथलेच झाले.

रोहिणी सोनकांबळे पहिल्यांदा आली ती वडलांबरोबर. वडील टेलिफोन खात्यात लाईनमन. मूळचे नांदेडकडचे, अंबरपेठेत राहायचे. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि सुरुवातीलाच स्पष्ट बोलले.

"मॅडम, पोरीला सरकारी नोकरीची ऑर्डर आली हाय. ज्युनिअर असिस्टंट. एकदा मुदत वाढवून घेतली. आता पुना नाय वाढवणार ते. ही म्हन्ती मला फेलोशिप भेटल. तुमी सांगा, भेटल का?"

"प्रयत्न करू," मी म्हटलं.

"प्रयत्न नगा सांगू. आमच्या खानदानात पयली ऑर्डर हाय ही. सोडून द्यायची म्हन्जे तसंच काईतरी पाहिजे ना?"

रोहिणी खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "पप्पा, उन्हाळ्यापर्यंत. तोपर्यंत नाही आली तर मी जॉइन होते. कसम."

हा त्यांच्यातला करार. मी त्याची साक्षीदार.

तिने एम.एस्सी. केमिस्ट्रीला असताना केलेलं काम मला दाखवलं. नलगोंड्याकडच्या गावांतल्या विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. ते पिऊन माणसांचे दात पिवळे पडतात, पुढे हाडं वाकतात. ही मुलगी सुट्ट्यांत बसने गावोगाव जाऊन बाटल्यांत पाणी भरून आणायची आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तपासायची. तिला पुढचं शिक्षण याच विषयात घ्यायचं होतं, आणि एका परदेशी फाउंडेशनची फेलोशिप नेमकी पाण्यावर काम करणाऱ्यांसाठी होती. शिकवणी, राहणं, तिकीट, सगळं त्यांचं. अट एवढीच की माणूस एकदाच अर्ज करू शकतो. इतक्या वर्षांत एखाद्या अर्जाबद्दल मला आतून खात्री वाटावी असं दोन-तीनदाच झालं असेल. हा त्यातला एक.

तिचा एसओपी, म्हणजे 'मला हे का करायचंय' सांगणारा निबंध, तिने स्वतः लिहिला. मी स्वल्पविराम सोडून काही बदललं नाही. दोन रेको प्रिन्सिपल आणि विभागप्रमुखांनी नेहमीच्या पद्धतीने माझ्यावर सोपवले. तिसरा मूर्ती सरांचा. त्यांच्याच लॅबमध्ये तिने काम केलं होतं. तिने त्यांना विचारलं, "सर, ड्राफ्ट आणू का?" ते म्हणाले, "कैकू? मला लिहिता येतं."

चार दिवसांनी ती पाकीट घेऊन आली. बंद, जोडावर सही, वर कॉलेजचा शिक्का. फाउंडेशनच्या मोठ्या पाकिटात ते तसंच घालायचं होतं.

ती गेल्यावर मी ते उघडलं.

आम्ही सगळीच पाकिटं उघडायचो. केंद्राचा तो रिवाजच होता. एकदा एका सरांनी मुलाचं नावच चुकीचं लिहिलं होतं, तेव्हापासून सुरू झालं. केटलीच्या वाफेवर डिंकाने लावलेला जोड सोडवायचा, वाचायचं, ठीक असेल तर परत लावायचं. ठीक नसेल तर मुलाला परत पाठवायचं.

आत फुलस्केपचे दोन कागद होते. निळी शाई, तिरकं अक्षर, मोडकंतोडकं इंग्रजी. मला ते अजून पाठ आहे. मराठीत सांगते.

'ही मुलगी पहिल्या वर्षी रोज उशिरा यायची. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. मग कळलं की ती वस्तीतल्या नळावर पाणी भरून, दोन बस बदलून येते. मी तिला लॅबची किल्ली दिली. किल्ली दिल्यापासून ती माझ्याआधी येते. आमच्याकडे फ्लोराइड मोजायचं भारी यंत्र नाही. आम्ही पाण्यात रंग घालतो आणि नळीतला रंग डोळ्यांनी जुळवतो. त्यासाठी सकाळचा उजेड लागतो. एकदा ती म्हणाली, सर, तुमचं रीडिंग चुकलंय. मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा केलं. चुकलं होतं. मला मोतीबिंदू आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून रंग ती बघते आणि मी लिहून घेतो. मी याआधी कुणासाठी असं पत्र लिहिलेलं नाही.'

आज हे पत्र डोळ्यांसमोर आणलं की माझे डोळे भरतात. तेव्हा मी कपाळावर हात मारला.

पहिलंच वाक्य, 'उशिरा यायची'! रेकोत कुणी असं लिहितं? पुढे सरांचा मोतीबिंदू, म्हणजे लॅबच्या आकड्यांवरच शंका. आमच्याकडे यंत्र नाही, ही कबुली. आणि तो नळ. मी स्वतःला सांगितलं, पोरीची कीव केलेली नको, तिला तिच्या गुणांवर मिळू दे. खरं सांगू? मला त्या नळाची लाज वाटली. तिला वाटत नव्हती, सरांनाही नाही. बरकतपुऱ्यातल्या, घरात दोन नळ असलेल्या मला वाटली. आणि ही लाज मी तिच्या भल्याच्या नावाखाली खपवली.

मी फाईल काढली. आदल्या वर्षी एका मुलाला मोठ्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दिलेलं पत्र त्यात होतं. तो मुलगा मातीतले धातू मोजायचा. 'ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनसारख्या नाजूक यंत्रावर त्याने विलक्षण प्रभुत्व मिळवलं आहे.' काय भारदस्त वाक्य! माती काय, पाणी काय, दोन्ही केमिस्ट्रीच. 'त्याने'चं 'तिने' केलं. दीड पानाचं सुबक पत्र तयार झालं.

मग मी स्वतः मूर्ती सरांच्या कॉलेजात गेले. ते लॅबमध्ये एकटे होते. खिडकीशी स्टूल, स्टँडमध्ये काचेच्या नळ्या. पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"सर, यावर सही हवी होती. मजकूर तोच आहे, फक्त फॉरमॅट त्यांच्या पद्धतीचा केलाय."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "माझ्या पत्रात काय डिफेक्ट होता, अम्मा?"

"डिफेक्ट नाही, सर. त्यांना टाईप केलेलं लागतं."

हे धादांत खोटं. फाउंडेशनच्या सूचनांत असं कुठेही नव्हतं.

"यात रंग जुळवायचं आहे?"

"सगळं आहे, सर."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "सरे," ते म्हणाले. तेलुगूत सरे म्हणजे ठीक आहे. त्यांनी कागदावर आणि नव्या पाकिटाच्या जोडावर सही केली आणि पेनचं टोपण लावलं. "तुम्हाला या गोष्टी जास्त कळतात."

मी रोहिणीला काही सांगितलं नाही. पत्र पाठवलं, एवढंच म्हटलं.

महिनाभराने ती शॉर्टलिस्टमध्ये आली. देशभरातल्या मोजक्या मुलांत तिचं नाव. वडील पेढे घेऊन केंद्रात आले. रहमान साहेबांनी बोर्डावरची एक चौकट रिकामी करून ठेवली. पॅनल हैदराबादेतच, एका हॉटेलात येणार होतं. मी रोहिणीकडून आठवडाभर तयारी करून घेतली. काय विचारतील, कसं बसायचं, माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणायचं. तेवढं एक मी बरोबर शिकवलं होतं.

आणि आता ती समोर उभी होती.

"पुढे सांग," मी म्हटलं.

"त्या सरांनी विचारलं, फ्लोराइड या मशीनवर मोजतात का? मी बोलले, नाही सर, हे मशीन धातूंसाठी असतं, फ्लोराइडला चालत नाही. ते बोलले, करेक्ट. मग तुझ्या सरांना हे माहीत नाही? मी बोलले, त्यांनीच मला शिकवलं."

ती थांबली. फाईलच्या प्लॅस्टिकवर तिचं नख आवाज करत होतं.

"मग त्यांनी पत्र माझ्यासमोर धरलं. वाचायचं नाही, फक्त बघ म्हणाले. सही सरांची होती. पण टाईप केलेलं होतं, मॅडम. मी सरांना हाताने लिहिताना पाहिलं होतं. निळ्या शाईने. दोन दिवस लिहीत होते. मी बोलले, सर, हे ते पत्र नाही. त्यांनी विचारलं, मग हे कुणी लिहिलं? मी बोलले, मालूम नाही सर."

"रोहिणी..."

"कुणी लिहिलं, मॅडम?"

तिला उत्तर माहीत होतं. तरी तिने विचारलं. मी म्हटलं, "मी." तिने मान हलवली आणि फाईल छातीशी धरून जिना उतरून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी रहमान साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ये क्या कर दिये वैद्यबाई."

"साहेब, मी दिल्लीला फाउंडेशनच्या ऑफिसला फोन करते. चूक माझी आहे, तिची नाही, हे सांगते. सरांचं खरं पत्र अजून माझ्याकडे आहे."

"नक्को. जरा सोचो. हम लोगां लिफाफे खोलते, ये बोलेंगे? सेंटर बंद हो जाता. और जो बच्चे गए, उनका क्या? उनके भी लेटर निकाल के देखेंगे."

"आणि हिचं काय?"

"हो सकता, पॅनल छोड दे. लडकी तो सच बोली ना."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते चांगले गृहस्थ होते. फोटोतल्या मुलांची काळजी त्यांना होती आणि मलाही. दोन दिवस मी गप्प बसले. या दोन दिवसांचा मला पत्राइतकाच पश्चात्ताप आहे. तिसऱ्या दिवशी खालच्या एसटीडी बूथमधून मी दिल्लीला फोन लावला.

पलीकडच्या बाई अतिशय सभ्य होत्या. त्यांनी मला मधे न तोडता ऐकून घेतलं.

"म्हणजे उमेदवाराला याची कल्पना नव्हती?"

"अजिबात नव्हती. मूळ पत्र माझ्याकडे आहे. मी आजच कुरियर करते. ते वाचाल तर तुम्हाला कळेल ती कोण आहे."

"ते पत्र बंद पाकिटात आहे?"

मी रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"मॅडम?"

"पाकीट मी उघडलं होतं."

"मग मी ते कसं स्वीकारू? ते खरोखर त्यांचंच आहे, हे मला कोण सांगणार? तुम्ही?"

बूथवाल्याच्या मीटरवर लाल आकडे पळत होते. मी तिला दुसरी संधी द्या म्हटलं, पुढच्या वर्षी अर्ज करू द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, सगळं लेखी कळवा, कमिटीसमोर ठेवते.

मी लेखी कळवलं. एकही शब्द फाईलमधून घेतला नाही. खूप वर्षांनी मी स्वतःच्या मनाने काहीतरी लिहीत होते, आणि ते फार वाईट जमलं. खाडाखोड करून तीनदा लिहिलं.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. उमेदवाराच्या प्रामाणिकपणाची कमिटीने नोंद घेतली होती. पण अर्जातल्या कागदपत्रांवर विश्वास ठेवता येत नसल्यामुळे अर्ज रद्द केला होता. एकदाच अर्ज करण्याची अट शिथिल करता येत नव्हती. आमच्या केंद्रातून त्या वर्षी गेलेले आणखी दोन अर्जही बाजूला ठेवले होते. एक प्रत कॉलेजच्या प्रिन्सिपलना पाठवली होती. त्यांच्या रेकोवर सही करून घ्यायला मी गेले होते तेव्हा त्यांनी मला चहा पाजला होता. आता त्यांनी मूर्ती सरांना मेमो दिला. न वाचता सही कशी केलीत, खुलासा करा.

मी मूर्ती सरांना भेटायला गेले. माफी मागितली. ते नळ्या धूत होते, हात थांबले नाहीत.

"मी तीस वर्षं पोरांना एकच शिकवलं, अम्मा. जे दिसलं तेच वहीत लिहायचं. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही. आणि मी स्वतः न वाचलेल्या कागदावर सही केली." त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. त्यांना ती स्वच्छ दिसत होती की नाही, कोण जाणे. "तुम्ही लिहिलंत ही तुमची चूक. मेमोचं उत्तर मला द्यायचंय, कारण सही माझी आहे."

"सर, मी प्रिन्सिपलना सांगते."

"नको. तुम्ही पुष्कळ सांगितलंत."

मी तशीच परत फिरले.

रोहिणी एकदाच आली. जॉइन व्हायच्या आदल्या दिवशी. नोकरीचं ठिकाण जिल्ह्याच्या गावी होतं, सकाळच्या बसने निघायचं होतं. वडील खाली फुटपाथवर उभे राहिले, वर आले नाहीत.

"मॅडम, सरांचं पत्र तुमच्याकडे आहे?"

मी ड्रॉवरमधून ते दोन कागद काढून दिले. लक्षात घ्या, तिने ते तोवर वाचलंच नव्हतं. नियमाप्रमाणे तिला वाचायचं नव्हतं, आणि बंद पाकीट हातात असताना तिने ते उघडलं नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद मुलांनी उघडलं असतं. मी तर उघडलंच होतं.

ती उभ्यानेच वाचायला लागली. पहिल्या ओळीला जरा हसली. उशिरा यायची, तिथे. मग नळ आला असणार, मग किल्ली. दुसऱ्या कागदावर ती बराच वेळ थांबली. मोतीबिंदूच्या जागी असावी. तिने साडीच्या पदराने कागद नव्हे, स्वतःचा हात पुसला, घामाने शाई पसरू नये म्हणून.

"सगळं खरं लिहिलंय," ती म्हणाली.

"हो."

"मग हे पाठवायला काय झालं होतं, मॅडम?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी इंग्रजी, टायपिंग, पहिलं वाक्य असं काहीतरी जुळवायला लागले आणि मधेच थांबले. ती समजूतदारपणे वाट बघत होती. शेवटी मी म्हटलं, "मला वाटलं, हे पुरेसं चांगलं नाही."

"मी की पत्र?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. कागद घडी करून फाईलमध्ये ठेवले आणि निघून गेली. खिडकीतून मला दिसलं, वडलांनी तिच्या हातातली फाईल घेतली आणि दोघं बसस्टॉपकडे चालू लागले.

अर्ज बाजूला ठेवलेल्या त्या दोन मुलांपैकी एकाचे आईवडील येऊन मला वाट्टेल ते बोलून गेले. मी ऐकून घेतलं. ट्रस्टने मला कौन्सेलिंगवरून काढून लायब्ररीच्या काउंटरवर बसवलं. वर्षभर मी पुस्तकांवर नंबर टाकले. रहमान साहेबांनी केटली घरी नेली आणि जाडजूड फाईल माझ्यादेखत फाडली. पुढे कौन्सेलर मिळेना, म्हणून मला परत त्याच खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून मी एकही रेको लिहिला नाही. सरांनी मुलाला 'लिहून आण' म्हटलं की मी मुलाला परत पाठवते. 'सरांना सांग, मोडकं लिहा पण तुम्ही लिहा.' यामुळे आमच्या बोर्डावरचे फोटो कमी झाले, हेही सांगून टाकते. फाईलवाल्या कन्सल्टंटांचे वाढले. खरं वागलं की फळ मिळतं, असं मला तरी दिसलेलं नाही.

रोहिणी त्या जिल्ह्याच्या ऑफिसात आवक-जावक टेबलावर बसते, एवढं कानावर आलं होतं. पाण्याशी तिच्या टेबलाचा काही संबंध नव्हता. मग कुणीतरी सांगितलं की सुट्टीच्या दिवशी ती तिथल्या शाळेत मुलींना सायन्स शिकवते, आणि एका विहिरीचं पाणी तपासून तिने ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. अर्जाचं काय झालं, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.

पाच-सहा वर्षं गेली. एक दिवस एक मुलगी केंद्रात आली. तेलुगू मीडियमची, बी.एस्सी. झालेली, पायांवर गावची धूळ. एका स्कॉलरशिपचा फॉर्म हवा होता. फॉर्ममध्ये एक पत्र अशा व्यक्तीचं चाललं असतं जिने तिला शिकवलंय, मग ती कॉलेजातली असो वा नसो.

"ते पत्र मी आणलंय," ती म्हणाली आणि पाकीट पुढे केलं.

खाकी पाकीट. जोडावर निळ्या शाईत सही होती, 'आर. सोनकांबळे'. सहीवरून पारदर्शक चिकटपट्टी, एक नाही, तीन पदरी. आणि खाली, तिरक्या नाही, सरळ सुवाच्य मराठीत एक ओळ. त्या मुलीला मराठी वाचता येत नव्हतं. रोहिणीच्या ऑफिसात कुणालाही येत नसणार. ती ओळ फक्त माझ्यासाठी होती.

'वैद्य मॅडम, कृपा करून उघडू नका.'

मी पाकीट हातात धरून बसले. मुलगी घाबरली. "काही चुकलं का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

तिच्यादेखत मी ते मोठ्या पाकिटात घातलं, मोठं पाकीट तिलाच बंद करायला लावलं आणि पोस्टात टाकायलाही तिलाच पाठवलं. त्या मुलीचं नाव निवडीच्या यादीत आलं नाही. पत्र वाईट होतं म्हणून की दुसऱ्याच कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

आत काय लिहिलं होतं, मला माहीत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते इतकंच.